सोक्ड इन वॉटर

बाबांचं इंग्रजी फायलींतून आलेलं होतं. फोर्टातल्या एका विमा कचेरीत ते टायपिस्ट म्हणून चिकटले, पुढे हेडक्लार्क झाले, आणि साहेबांनी सांगितलेली पत्रं बडवता बडवता जे शब्द त्यांच्या बोटांत बसले तेच घरी तोंडावाटे बाहेर पडायचे. एन्क्लोज्ड विथ, फॉरवर्डेड टु, रिसीव्हड फ्रॉम. दूधवाल्याने कडी वाजवली की बाबा आतून ओरडत, "डिलिव्हर्ड अ‍ॅट डोअर!" भाजी अळणी झाली तर पहिला घास घेऊन शांतपणे म्हणत, "सबमिटेड विदाउट सॉल्ट." आणि माझी गणिताची उत्तरपत्रिका सही करायला पुढे आली की चष्मा कपाळावर चढवून विचारत, "काय मॅडम, हे प्रकरण पेंडिंग सिन्स दिवाळी आहे ना?" आईला यातलं अक्षर कळत नसे, पण आवाजावरून काय पाहिजे ते कळे. ती मिठाची वाटी पुढे सरकवायची.

मला मात्र या बोलण्याचं भारी कुतूहल होतं. माझी शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, आणि नववीत येईपर्यंत मला जिथेतिथे हे जोडशब्द दिसायला लागले होते. मामाने आणलेल्या छत्रीच्या दांड्यावर मेड इन अमुक, बसमध्ये डाव्या बाजूला रिझर्व्हड फॉर लेडीज, समोरच्या सलूनच्या फळीवर क्लोज्ड ऑन मंडे. फॉर का, ऑन का, इन का, असं मी बाबांना विचारून विचारून सतावायची. मराठीत आपण "पाण्यात भिजवलेले तांदूळ" म्हणतो. आधी पाणी दिसतं, मग भिजणं, आणि तांदूळ सगळ्यांत शेवटी. इंग्रजीत तांदूळ आधी येऊन बसतात आणि त्यांची हकिगत मागाहून. हे असं का? बाबांनी बराच विचार करून उत्तर दिलं, "इंग्रजाला घाई फार. आधी माल दाखवतो, मग सांगतो कुठे ठेवला होता." पुढे जन्मभर मी इंग्रजी शिकवलं, जाडजाड व्याकरणं वाचली, पण याहून बरं उत्तर मला अजून तरी सापडलेलं नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. दोन खोल्या, दुसरा मजला, मागच्या खिडकीतून खाडीकडचा वारा आणि त्याच्याबरोबर मिठागरांचा खारट वास. संध्याकाळी डास यायचे म्हणून खिडक्या लवकर लागायच्या, आणि मग शेजारच्या शाहकाकींच्या हिंगाच्या फोडणीचा वास दाराखालून आत शिरायचा. रुळांपलीकडच्या कारखान्यांचे भोंगे ऐकून आई कुकर चढवायची. पण आमच्या घराचा म्हणून जो आवाज होता, तो पाट्या-वरवंट्याचा. आई एक पाय दुमडून बसायची, भाजलेलं खोबरं, कांदा आणि धणे पाट्यावर घ्यायची आणि घर्र घर्र सुरू करायची. पाणी शिंपडायची, पुन्हा घर्र. खालच्या मजल्यावरून कधीकधी कोणीतरी काठीने छत ठोकायचं. आई तेवढ्यापुरती थांबायची आणि मग जरा जास्तच जोराने वाटायची. मिक्सर त्या सुमारास घरोघरी यायला लागले होते. आमच्याकडे आला नव्हता, कारण पाट्यावरच्या वाटपाची चव मिक्सरला नाही असं बाबांचं ठाम मत होतं. ज्यांना कधी वाटायला बसावं लागलं नाही अशा सगळ्याच पुरुषांचं ते मत असायचं.

एका शनिवारी सोसायटीच्या महिला मंडळात मिक्सरचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. कंपनीकडून कामतबाई आल्या. गोऱ्या, हसऱ्या, केसांत अबोलीचा गजरा, साडीवर नावाचा बिल्ला. तळमजल्यावरच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या, बायका दाटीवाटीने बसलेल्या, आणि कामतबाईंनी पिशवीत हात घातला तो त्यांचा चेहराच उतरला. भिजवलेली डाळ त्या घरी विसरल्या होत्या. कोरडी डाळ मिक्सरला घालून काय दाखवणार? आईने सकाळीच आंबोळ्यांसाठी उडीद-तांदूळ भिजत घातले होते. ती उठली, वर गेली, पातेलं घेऊन आली आणि कामतबाईंच्या शेजारी उभी राहिली. उभी राहिली ती राहिलीच. भांडं गळ्यापर्यंत भरू नका, पाणी एकदम ओतू नका, मध्ये बंद करून हात लावून बघा, पीठ तापतंय का ते कळेल. हे सगळं ती अशा ठसक्यात सांगत होती की मी तोंड उघडं टाकून बघत बसले. ज्या यंत्राला तिने त्या दिवसापर्यंत हातही लावला नव्हता, त्याच्याशी तिची तासाभरात गट्टी जमली होती.

जाताना कामतबाई म्हणाल्या, "परबवहिनी, आमच्याकडे या ना. मुलुंड ते घाटकोपरच्या दुकानांसाठी बाई हवीय आम्हाला. तुम्ही झकास बोलता."

आई लाजून हसली. पण त्या रात्रीच्या आंबोळ्यांच्या कडा करपल्या, आणि आईच्या हातून आंबोळी करपलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

जेवताना तिने विषय काढला. बाबांनी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं, मग म्हणाले, "नोकरी? कशासाठी गं? घरात काय कमी पडलंय तुला?"

"कमी काय पडायचंय," आई म्हणाली. "मला आवडलं ते. चार माणसांसमोर उभं राहून सांगायचं."

"आणि मुलाखत कोण घेणार?"

"त्यांचे मोठे साहेब मद्रासी आहेत. त्यांना मराठी येत नाही, हिंदीही नाही. इंग्रजीतच घेणार म्हणे."

बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग झालं तर! इंग्रजी येऊ दे आधी, मग बघू." त्यांच्या मते विषय तिथे मिटला होता. आईने त्यांच्या ताटात आणखी एक आंबोळी वाढली आणि म्हणाली, "मग शिकवा."

बाबांना नाही म्हणता आलं नाही. त्यांचा बायकोच्या नोकरीला विरोध होता, पण इंग्रजी कोणी शिकव म्हटल्यावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या चहानंतर शिकवणी सुरू झाली. बाबा खुर्चीवर, आई समोर पाटावर, मी दोघांच्या मध्ये. सुरुवात स्वतःची ओळख करून देण्यापासून, असं बाबांनी ठरवलं आणि ती ओळख त्यांनी अगदी अर्जाच्या थाटात बांधून दिली. बॉर्न इन कुडाळ. एज्युकेटेड अप टु सेव्हन्थ. मॅरिड टु अमुक. ब्लेस्ड विथ वन डॉटर. सेटल्ड इन मुलुंड. आई घोकायची आणि खुर्चीसमोर बसलं की सगळं विसरायची.

ते बघून मी वेगळी युक्ती काढली. पाटावर बसून जे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते हात पिठात असले की शिरायचं. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात इंग्रजीत रांधायला लागलो. राइस सोक्ड इन वॉटर. कोकोनट मिक्स्ड विथ जॅगरी. मिरच्या स्टफ्ड विथ मसाला. नागपंचमीला पातोळ्या केल्या तेव्हा हळदीच्या पानांचा वास साऱ्या जिन्यात पसरला होता आणि आई मोदकपात्रावर झाकण ठेवता ठेवता गात होती, "रॅप्ड इन लीफ, स्टीम्ड इन पात्र." पात्राला इंग्रजी शब्द मलाही येत नव्हता. शाहकाकी दारातून डोकावून म्हणाल्या, "क्या बात है, परबबेन, मेमसाब हो गयी!" आई खुदकन हसली आणि तिने त्यांच्या हातावर एक गरम पातोळी ठेवली.

तिचे प्रश्नही माझ्यासारखेच असायचे, किंवा माझे तिच्यासारखे असतील. एकदा तांदूळ धुता धुता ती थांबली. "शैलू, राइस सोक्ड इन वॉटर. बरं. पण भिजवले कोणी, ते कुठे आलं यात?"

"ते सांगायची गरज नसते गं."

"म्हणजे भिजवणारी बाई गायबच की!" तिने तांदळाचं पाणी ओतलं आणि जरा वेळाने म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला जे पाठ करायला दिलंय ना, तेही तसंच आहे बघ. जन्माला घातलं, सातवीपर्यंत शिकवलं, लग्न लावून दिलं, देवाने मुलगी दिली, मुलुंडला आणून ठेवलं. मी काय केलं ते कुठेच नाही."

मी ते बाबांना जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "ऑफिशियल भाषा अशीच असते." पण त्या संध्याकाळी ते पेपर उघडा ठेवून बराच वेळ न वाचताच बसले होते.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती "मॅरिड टु"च्या पुढे होती. आई बाबांचं नाव घेत नसे. बाबांचं नाव यशवंत. कोपऱ्यावरच्या यशवंत स्टोअर्सला ती "कोपऱ्यावरचं दुकान" म्हणायची, आणि शाळेत माझ्या वर्गात एक यशवंत होता त्याला "तो तुमच्यातला उंच मुलगा". नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. गावी तिच्या एका मावशीने विहिरीवर रागाच्या भरात नवऱ्याला नावाने हाक मारली होती, आणि तो पुढच्याच पावसाळ्यात गेला. आज कोणी हसेल. मीही तेव्हा हसले होते. पण आईच्या डोळ्यांतली भीती खरी होती, ती मला आजही दिसते.

"मॅरिड टु," बाबा म्हणायचे, "हां, पुढे?"

"मॅरिड टु," आई म्हणायची, आणि गप्प.

"अगं, मी समोर धडधाकट बसलोय! काय होणार आहे मला?"

"म्हणूनच नको ना. बसलायत तसे बसा." आणि फारच रेटलं की ती थेट गावच्या बोलीवर यायची. "माका ह्या जमाचा नाय. नको माका नोकरी."

शेवटी तोडगा निघाला. मॅरिड टु मिस्टर परब, एवढंच म्हणायचं. बाबांना ते पटलं नव्हतं. परब म्हणजे कोण, माझे वडीलही मिस्टर परबच, अशी त्यांची कुरकुर चालूच राहिली. पण आडनावाला आईची हरकत नव्हती, ते तिचंही होतं.

मुलाखत घाटकोपरला, कंपनीच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर होती. आईने मोतिया रंगाची साडी नेसली होती. बाबांनी अर्धी रजा टाकली. नोकरी नको म्हणणारा माणूस रजा टाकून बसमध्ये आमच्यापुढे चढतो, हे मला मोठं गमतीचं वाटलं होतं. वर गेल्यावर आईला आत बोलावलं, कामतबाईही तिच्याबरोबर गेल्या. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. मध्ये नुसती प्लायवुडची भिंत, वर छतापर्यंतही न पोचलेली, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. येतानाच्या जिन्यात कामतबाईंनी सांगितलं होतं की साहेब बाकी सगळं चालवून घेतात, पण बोलता बोलता अडखळून थांबणारी बाई त्यांना नको असते. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना गप्प झालं की गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजायचं.

साहेबांचा आवाज जाड आणि सावकाश होता. त्यांनी आईला स्वतःबद्दल सांगायला सांगितलं.

"बॉर्न इन कुडाळ," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ. "एज्युकेटेड अप टु सेव्हन्थ." बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. "मॅरिड टु मिस्टर परब."

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले. "अँड व्हॉट इज हिज गुड नेम?"

आत सगळं थांबलं. आमच्या कोणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. साहेबांनी तो पुन्हा विचारला, जरा मोठ्याने, तिला कळला नसेल असं वाटून. कळला होता. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण कसा झाला असेल ते नेमकं माहीत होतं. बाबा उठले. दोन पावलांवर दार होतं. आत डोकावून स्वतःचं नाव सांगितलं असतं की सुटका होती. त्यांनी दाराला हातसुद्धा लावला. मग हात मागे घेतला आणि परत येऊन बसले. "नको," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिलाच सांगू दे. मी सांगितलं तर नोकरी माझी होईल."

तेवढ्यात आतून कामतबाईंचा आवाज आला. मराठीत, हळूच, हळदीकुंकवाला बायका जसा आग्रह करतात तसा. "परबवहिनी, नाव घ्या बघू."

आमच्यात उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. तिथे दोष लागत नाही. यमक जुळवून, चार बायकांत, हसत घेतलेल्या नावाने कोणाचं आयुष्य कमी होत नाही. कामतबाई स्वतः नाव घेत आलेल्या बाई, त्यांना आईची अडचण बरोबर कळली होती. आईने घसा खाकरला आणि हळदीकुंकवाच्या चालीवर, ठाय लयीत, म्हणाली,

"डाळ ग्राउंड इन मिक्सर, राइस सोक्ड इन वॉटर,
मॅरिड टु यशवंतराव, ब्लेस्ड विथ वन डॉटर!"

आत कोणीतरी टाळी वाजवली, कामतबाईच असणार. साहेब एकदम मोठ्याने हसले. त्यांनी कामतबाईंना विचारलं, बाईंनी आपल्या इंग्रजीत काहीतरी समजावलं, आणि मग साहेब म्हणाले, "माय वाइफ ऑल्सो! टिल टुडे, नॉट वन टाइम!" आणि पुन्हा हसले. पण हे मी सगळं अर्धवटच ऐकलं, कारण मी बाबांकडे बघत होते. लग्नाच्या मांडवात तिने त्यांचं नाव घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर थेट त्या दिवशी त्यांच्या कानावर पडत होतं. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं.

पुढे मिक्सरचा आवाज सुरू झाला आणि त्यावरून आईचा आवाज, आता न कापणारा. सोक्ड इन, ग्राउंड विथ, फिल्ड अप टु हाफ. मध्येच एखादा मराठी शब्द घुसत होता, पण ती थांबत नव्हती. मला तिची चटणी वाटून होईपर्यंतच कळलं होतं की जमलं. ती बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता आणि पदराला कोथिंबीर चिकटलेली. "सोमवारपासून या म्हणाले," ती म्हणाली, आणि बाबांकडे बघून घाईघाईने पुढे म्हणाली, "तुमचं हो असेल तर."

बाबा काही बोलणार तोच दुकानातला एक कारकून कागद-पेन घेऊन वर आला. बिल्ला बनवायला टाकायचा होता. त्याने आईला विचारलंच नाही; सवयीने बाबांकडे वळून म्हणाला, "मिसेस वाय. परब लिहू ना, साहेब?"

"नाही," बाबा म्हणाले. "मंदाकिनी लिहा."

बाबांनी आईला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. त्यांचा सगळा संसार "अगं" वर चालला होता. आई जागच्या जागी उभी राहिली.

"स्पेलिंग?" कारकुनाने विचारलं.

बाबा उठून उभे राहिले. कचेरीत ट्रंककॉलवर नावं सांगायचा त्यांचा एक आवाज होता, खणखणीत, एकेक अक्षर तोडून. त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "एम फॉर मद्रास. ए फॉर आग्रा. एन फॉर नागपूर. डी फॉर दिल्ली. ए फॉर आग्रा. के फॉर कानपूर. आय फॉर इंदूर. एन फॉर नागपूर. आय फॉर इंदूर." दुकानातून वर आलेली दोन गिऱ्हाइकं जिन्यातच थांबून ऐकत होती.

कारकुनाने लिहून घेतलं, कागद घडी केला आणि तो वळला.

"अहो," आई बाबांना म्हणाली, "परत एकदा सांगा ना त्याला. चुकेल तो."